ओळख झाकावी, व्यवहार झाकू नये

सांगली जिल्ह्यातल्या शिराळा तालुक्याला लागून वाळवा तालुका आहे आणि वाळव्याचे मोठे गाव इस्लामपूर, आताचे ईश्वरपूर. २०१९ साली या गावाचे नाव राज्यभर गाजले ते कडकनाथ कोंबड्यांमुळे. ‘महारयत अ‍ॅग्रो’ची योजना ऐकायला सरळ होती. शेतकऱ्याने पैसे भरायचे, कंपनी पिल्ले आणि खाद्य पुरवणार, आणि अंडी व वाढलेले पक्षी चढ्या भावाने परत विकत घेणार. सुरुवातीला ज्यांनी पैसे घातले त्यांना परतावा मिळाला. त्यांचे बघून भावकीतल्यांनी आणि पाहुण्यांनी पैसे घातले. पुढे खाद्य येईनासे झाले, पक्षी न्यायला कोणी फिरकेना, आणि हजारो कुटुंबांच्या हाती उपाशी कोंबड्या उरल्या. लोक रस्त्यावर आले, मोर्चे निघाले, गुन्हे नोंदवले गेले. पैसे बुडाले तरी एक गोष्ट त्यांच्याकडे शाबूत होती. आपण कशासाठी पैसे घातले हे त्यांना चारचौघांत सांगता येत होते. मुलीच्या लग्नासाठी, विहिरीसाठी, पोराच्या शिक्षणासाठी. यात लपवण्यासारखे काही नव्हते.

आता याच पट्ट्यातल्या, जन्माने मुलगी म्हणून नोंदल्या गेलेल्या पण स्वतःला मुलगा म्हणून ओळखणाऱ्या एखाद्या तरुणाचा विचार करावा. किंवा उलट, मुलगा म्हणून वाढवल्या गेलेल्या ट्रान्स मुलीचा. शरीर मनाशी जुळवून घेण्यासाठी तिला किंवा त्याला पैसे हवे आहेत. मानसोपचारतज्ज्ञाच्या भेटी, वर्षानुवर्षे चालणारी हार्मोनची औषधे, त्यासाठी पुन्हा पुन्हा करायच्या रक्ततपासण्या आणि हवी असेल तर एक किंवा अनेक टप्प्यांतली शस्त्रक्रिया. खासगी रुग्णालयात हा खर्च काही लाखांच्या घरात जातो. शिराळ्यातून पेठनाक्यावर यायचे आणि तिथून पुण्या-मुंबईकडे जायचे, म्हणजे प्रवास, मुक्काम आणि बुडालेली मजुरी हा खर्च वेगळाच. या माणसाचे पैसे बुडाले तर तो मोर्चात जाऊ शकत नाही. पैसे कशासाठी गोळा करत होतास, या पोलीस ठाण्यातल्या पहिल्याच प्रश्नाला त्याच्याकडे घरच्यांसमोर देता येईल असे उत्तर नसते. फसवणाऱ्याला याहून सोयीचे गिऱ्हाईक दुसरे नाही.

म्हणून या लेखात एकच गोष्ट मांडायची आहे. लिंगबदलासाठी पैसे उभे करणाऱ्याला फसवणुकीपासून वाचवते ती त्याची हुशारी नव्हे. हुशार माणसेही रोज फसतात. त्याला वाचवतो तो उजेडात केलेला व्यवहार. आपली ओळख कोणाला सांगायची, कधी सांगायची, सांगायची की नाही, हा सर्वस्वी त्याचा अधिकार आहे आणि गावाचा त्यावर काडीचाही हक्क नाही. पैशाचा व्यवहार मात्र बँकेच्या, पावतीच्या आणि निदान एका विश्वासू माणसाच्या नजरेखालून गेला पाहिजे. या दोन गोष्टींची गल्लत होते तिथेच घात होतो. ओळख लपवायची म्हणून माणूस पैसाही लपवतो, आणि लपवलेला पैसा कोणी नेला तर तो गेल्याचेही लपवावे लागते.

सध्या सर्वांत जास्त चालणारा सापळा जवळून पाहिला तर हे लक्षात येते. व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप येतो : घरबसल्या काम, व्हिडिओला लाइक करा, हॉटेलला पाच तारे द्या. पहिल्या दिवशी तीन लाइकचे दीडशे रुपये खरोखरच खात्यात जमा होतात. मग टेलिग्रामच्या गटात घेतले जाते. तिथे पन्नास-शंभर ‘सदस्य’ रोज आपल्या कमाईचे फोटो टाकत असतात. त्यांतले बहुतेक त्याच टोळीचे. मग ‘प्रीपेड टास्क’ सुरू होतात. हजार भरा, तेराशे मिळतील. तेही मिळतात. पुढे पाच हजार भरल्यावर सांगितले जाते की हा तीन टास्कचा संच आहे, मधेच सोडता येणार नाही. आता पंधरा हजार, मग चाळीस हजार. पडद्यावर रक्कम फुगलेली दिसते, पण काढायला गेले की खाते गोठलेले असते, आणि ते उघडण्यासाठी आधी ‘कर’ भरायचा असतो. या साखळीत प्रत्येक टप्प्यावर एखादा भाऊ, मैत्रीण, बँकेतला ओळखीचा कारकून, कोणीही बाहेरचा माणूस ‘अरे, हे काय करतोयस?’ असे विचारू शकला असता. म्हणूनच टोळीची पहिली अट असते की ही संधी कोणाला सांगू नका. आधीच कोणाला काही न सांगण्याची सवय लागलेल्या माणसाला ही अट खटकत नाही.

कर्ज देणाऱ्या बनावट अ‍ॅपचे दुखणे याहून खोल आहे. पाच मिनिटांत पाच हजार देतो म्हणणारे अ‍ॅप आधी फोनमधले संपर्क आणि फोटो उघडण्याची परवानगी मागते. हप्ता चुकला, किंबहुना चुकला नाही तरी, त्याच फोटोंचे अश्लील रूप करून नातेवाइकांना पाठवण्याची धमकी येते. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये डिजिटल कर्जांसाठी नियम घातले. कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्या खात्यात यावी आणि अ‍ॅपने संपर्कयादी, फोटोंत शिरू नये असे त्यांत आहे. नियम पाळणारे पाळतात. सापळा लावणारे नियमांबाहेरच उभे असतात. ज्याच्या फोनमध्ये साडीतला किंवा मिशी लावलेला एकच फोटो आहे, त्याच्यासाठी ही धमकी पैशापुरती राहत नाही. तिसरा प्रकार खाते भाड्याने देण्याचा. ‘तुमचे खाते फक्त महिनाभर वापरू द्या, दहा हजार देतो.’ त्या खात्यातून दुसऱ्यांचे लुटलेले पैसे फिरवले जातात आणि पोलीस येतात ते खातेदाराच्या दारात. अडचणीतला माणूस इथे बळीचा आरोपी होऊन बसतो.

पैसे मिळवताना होणारी फसवणूक ही अर्धीच गोष्ट. उरलेली अर्धी पैसे खर्चताना होते आणि ती जीव घेऊ शकते. २०२२ मध्ये आंध्र प्रदेशातल्या नेल्लूरमध्ये बी. फार्मसीच्या विद्यार्थ्यांनी एका लॉजच्या खोलीत एका व्यक्तीवर लिंगबदलाची शस्त्रक्रिया केली आणि त्या व्यक्तीचा मृत्यू झाला. डॉक्टर नाही, भूलतज्ज्ञ नाही, रक्ताची सोय नाही. स्वस्तात आणि गुपचूप, या दोन शब्दांवर तो सौदा झाला असणार हे उघड आहे. हार्मोनच्या गोळ्या कुरिअरने घरपोच देणारे, ‘दिल्लीच्या मोठ्या सर्जनची तारीख मिळवून देतो, नोंदणीचे वीस हजार पाठवा’ म्हणणारे दलाल याच बाजारात बसलेले असतात. त्यांच्याकडे अनेकदा पत्ता नसतो, पावती नसते, आणि परवाना दाखवा म्हटले की ते रागावतात.

मग करायचे काय? पैशाच्या मागे धावण्याआधी कागद हाती घ्यावा, असे माझे म्हणणे आहे. कारण योग्य कागद हाती असेल तर लागणारा पैसाच कमी होतो. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या ‘नाल्सा’ निकालात स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा अधिकार मान्य केला आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची सक्ती करता येणार नाही असे सांगितले. हे वाक्य पैशाच्या दृष्टीनेही मोलाचे आहे. ‘आधी ऑपरेशन, मगच तू खरा’ हा दबाव समाजाचा आहे, त्या निकालाचा नाही. कोणाला फक्त हार्मोन पुरेसे असतात, कोणाला छातीची शस्त्रक्रिया हवी असते, कोणाला काहीच नको असते. नेमके काय हवे हे तज्ज्ञाशी बोलून ठरले की दहा लाखांचा डोंगर कित्येकदा एका-दोन टप्प्यांवर येतो. डोंगर जितका मोठा दिसतो, तितकी दामदुप्पट योजना गोड वाटते.

२०१९ चा ट्रान्सजेंडर व्यक्ती हक्क संरक्षण कायदा १० जानेवारी २०२० पासून लागू झाला. त्याच वर्षी नियम आले आणि नोव्हेंबर २०२० मध्ये राष्ट्रीय पोर्टल सुरू झाले. या पोर्टलवरून जिल्हाधिकाऱ्यांकडे ओळख प्रमाणपत्राचा अर्ज करता येतो. शिराळ्याच्या माणसासाठी ते जिल्हाधिकारी म्हणजे सांगलीचे. कचेरीत खेटे न घालता, फोनवरून अर्ज भरता यावा म्हणूनच ही सोय केली गेली, आणि अर्जाला शुल्क नाही. तेव्हा प्रमाणपत्र ‘काढून देण्याचे’ पाच हजार मागणारा माणूस दलाल आहे हे तिथेच ओळखावे. नियमांत दुरुस्त्या होत राहतात, म्हणून अर्ज करताना त्या दिवशीचा नियम समाजकल्याण कार्यालयात विचारून घ्यावा. ऐकीव माहितीवर आणि जुन्या व्हिडिओंवर विसंबू नये. याच कायद्याच्या पंधराव्या कलमाने शस्त्रक्रिया, हार्मोन उपचार आणि समुपदेशन यांची सोय करण्याची आणि त्या खर्चासाठी विमा देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. २४ ऑगस्ट २०२२ रोजी केंद्राच्या सामाजिक न्याय विभागाने आणि राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाने ‘आयुष्मान भारत टीजी प्लस’चा करार केला, पोर्टलचे प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण, असे त्याचे स्वरूप आहे.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. हे सगळे कागदावर छान आहे, पण प्रमाणपत्र रखडते, कार्ड मिळाले तरी ते घेणारे रुग्णालय सापडत नाही, सरकारी रुग्णालयात प्लास्टिक सर्जनची तारीख मिळत नाही. हक्क आणि खाट यांच्यात अंतर आहे, हे मान्यच केले पाहिजे. तरीही हा रस्ता बंद नाही याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. बीड जिल्ह्यातल्या पोलीस शिपाई ललिता साळवे यांना २०१७ मध्ये शस्त्रक्रियेसाठी रजा नाकारली गेली. त्यांनी उच्च न्यायालयाचे दार ठोठावले, प्रकरण प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे गेले, शासनाला दखल घ्यावी लागली, आणि मे २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्जेस या सरकारी रुग्णालयात त्यांच्यावर पहिली शस्त्रक्रिया झाली. आज राज्य त्यांना ललित साळवे म्हणून ओळखते. तमिळनाडूने २००८ मध्ये ट्रान्सजेंडर कल्याण मंडळ स्थापन केले आणि सरकारी रुग्णालयांत या शस्त्रक्रियेची सोय केली. म्हणजे हे सरकारी व्यवस्थेला जमते. उशीर होतो हे खरे. पण सापळ्यात पैसे गेल्यावर माणूस पुन्हा शून्यावर येतो, वर कर्ज होते, आणि तो उशीर सरकारी उशिरापेक्षा कितीतरी लांबचा असतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. उजेडात या म्हणणे सोपे. पण गावात कळले तर घर सुटते, नोकरी जाते, लग्न लावून देण्याची घाई होते, मारहाण होते. अशा माणसाला व्यवहार उघड कर म्हणणे म्हणजे त्याला आगीत ढकलणे नव्हे काय? याचे उत्तर मी वर केलेल्या फरकात आहे. उघड करणे म्हणजे गावाला सांगणे नव्हे. डॉक्टर रुग्णाची माहिती गुप्त ठेवायला बांधील असतो. बँकेला पैसे कशासाठी हे सांगावे लागत नाही. तरी बँकेतून गेलेल्या प्रत्येक रुपयाची नोंद राहते, आणि तीच उद्याचा पुरावा ठरते. रिझर्व्ह बँकेने २०१५ मध्येच बँकांना त्यांच्या अर्जांत तृतीय लिंगाचा पर्याय ठेवायला सांगितले आहे. राहिला तो विश्वासू माणूस. तो घरातलाच असावा असे नाही. सांगलीत १९९२ पासून काम करणारी संपदा ग्रामीण महिला संस्था, म्हणजे ‘संग्राम’, आणि तिच्याबरोबर उभी राहिलेली ‘मुस्कान’ ही पुरुष व तृतीयपंथी वेश्याव्यवसायींची संघटना यांनी हेच दाखवून दिले आहे की समाजाने बाजूला टाकलेली माणसे एकत्र बसली की पोलीस, सावकार आणि गुंड यांच्याशी बोलण्याची ताकद येते. अशा कुठल्याही संघटनेतला, आधी या वाटेने गेलेला एक माणूस पैसे पाठवण्याआधी तो निरोप नुसता वाचेल, एवढे पुरे आहे. ज्याला हा दुसरा वाचक नको असतो, तो समोरचा माणूस तुमचा हितचिंतक नसतो.

लोकवर्गणीलाही हाच नियम लागू पडतो. ‘केटो’, ‘मिलाप’, ‘इम्पॅक्टगुरू’ यांसारख्या मंचांवर उपचारांसाठी लोक पैसे गोळा करतात आणि त्यात कमीपणा काहीच नाही. गावच्या देवळाचा जीर्णोद्धार वर्गणीतून होतो, तर माणसाच्या देहाचा का होऊ नये? पण इथेही चोर आहेत. कोणी खऱ्या मोहिमेचे फोटो उचलून स्वतःचा क्यूआर कोड डकवतो. कोणी ‘तुमची मोहीम व्हायरल करतो’ म्हणून आगाऊ पैसे घेतो. कोणी परदेशातून देणगीचे पार्सल आले आहे, ते कस्टममधून सोडवायला शुल्क भरा म्हणतो. देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने दोघांनीही पाहायचा कागद एकच, तो म्हणजे रुग्णालयाचे अंदाजपत्रक. त्यावर रुग्णालयाचे नाव-पत्ता, सर्जनचे नाव आणि वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक, कोणता टप्पा, त्यात भूल, खोली आणि औषधे धरली आहेत की नाहीत, आणि पैसे भरण्याचे रुग्णालयाच्या नावचे खाते, हे सगळे असते. नोंदणी क्रमांक परिषदेच्या यादीत तपासता येतो, रुग्णालयाला फोन करून कागद खरा का हे विचारता येते. पैसे व्यक्तीच्या खात्यात न जाता थेट रुग्णालयाला गेले, तर देणाऱ्याचा विश्वास बसतो आणि घेणाऱ्यावर उद्या कोणी बोट ठेवू शकत नाही. मोहिमेत खरे नाव आणि चेहरा द्यायचा नसेल, तर मंचाकडे खरी कागदपत्रे देऊन लोकांसमोर किती ओळख ठेवायची, हे आधी विचारून ठरवावे.

काही जण म्हणतील, फसवणूक तर सगळ्यांचीच होते. ‘पर्ल्स’ या गुंतवणूक कंपनीत देशभरातल्या कोट्यवधी लोकांचे पैसे अडकले आणि सेबीला २०१४ मध्ये ४९,१०० कोटी रुपये परत करण्याचा आदेश काढावा लागला. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईत ‘टोरेस’ या कंपनीच्या दुकानांपुढे फसलेल्या गुंतवणूकदारांच्या रांगा लागल्या. मग ट्रान्स माणसांचा वेगळा विचार कशाला? सापळा सगळ्यांसाठी सारखाच आहे, हे खरे. सापळ्यातून बाहेर पडायचे दार मात्र सारखे नाही. पर्ल्सच्या ठेवीदारासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून न्यायमूर्ती लोढा समिती नेमली गेली, कारण ठेवीदार मोजता येत होते. जे तक्रारच करत नाहीत ते कुठल्याच यादीत येत नाहीत. म्हणून फसल्यावर पहिल्या तासात १९३० या क्रमांकावर फोन करणे किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवणे याला इथे दुप्पट महत्त्व आहे. लवकर कळले तर पैसे पुढच्या खात्यात गोठवता येतात. तक्रारीत पैसे कशासाठी जमवत होतो हे लिहावे लागत नाही. किती, कधी, कोणत्या खात्यात गेले आणि कोणत्या क्रमांकावरून निरोप आले एवढे लागते. आणि कोणी ओळख उघड करण्याची धमकी देऊन पैसे मागत असेल, तर ती खंडणी आहे. तो गुन्हा धमकी देणाऱ्याचा आहे, ज्याला धमकी दिली त्याचा नाही. याशिवाय ट्रान्सजेंडर व्यक्तीच्या आर्थिक, शारीरिक, शाब्दिक छळाला २०१९ च्या कायद्याच्या अठराव्या कलमाने सहा महिने ते दोन वर्षे कैदेची शिक्षा ठेवली.

शेवटचा प्रश्न कमाईचा. सापळे टाळले, कागद केले, तरी काही पैसा लागणारच. तो कुठून आणायचा? महिन्याला तीन हजार बाजूला पडले तर वर्षाला छत्तीस हजार होतात, पाच वर्षांत एक लाख ऐंशी हजार. हा वेग संथ आहे आणि तो सोसणे सोपे नाही. स्वतःच्या देहात परक्यासारखे राहणाऱ्याला पाच वर्षे थांब म्हणताना हे विसरून चालणार नाही. पण याच पट्ट्यात भिशी चालते, पतसंस्थेचा पिग्मी एजंट रोज दुकानात येतो. एकमेकांना ओळखणाऱ्या आठ-दहा जणांची लहान भिशी, वहीत सह्या आणि रक्कम बँकेतून, ही आपल्याला ठाऊक असलेली शिस्त आहे. त्यातही अनोळखी माणसाने चालवलेली, व्याजाचे आमिष दाखवणारी भिशी वर्ज्यच. खरा आधार मात्र नियमित पगाराचा. साताऱ्याच्या आर्या पुजारी यांनी पोलीस भरतीत तृतीयपंथी म्हणून अर्ज करता यावा यासाठी लढा दिला आणि डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे राज्य सरकारला ती सोय मान्य करावी लागली. माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळने २०१७ मध्ये ज्ञानेश्वर कांबळे या तृतीयपंथी उमेदवाराला सरपंच केले. शेजारच्या जिल्ह्यांतल्या या दोन गोष्टींचा लिंगबदलाच्या खर्चाशी थेट संबंध दिसत नसला तरी तो आहे. ज्याला पगाराची चिठ्ठी मिळते, त्याला बँक कर्ज देते. आणि ज्याला बँक कर्ज देते, त्याला टेलिग्रामच्या टोळीची गरज उरत नाही.

म्हणून जबाबदारी एकट्या ट्रान्स तरुणावर टाकून आपल्याला मोकळे होता येणार नाही. मिरज हे शंभरहून अधिक वर्षे रुग्णालयांचे गाव आहे. १८९४ मध्ये डॉ. वॉनलेस यांनी तिथे दवाखाना उभा केला आणि १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. सांगली, सातारा आणि कोल्हापूरच्या माणसांना निदान समुपदेशन, हार्मोन उपचार आणि योग्य ठिकाणी पाठवण्याची चिठ्ठी मिरजेत एका छताखाली मिळावी, ही मागणी लोकप्रतिनिधींनी लावून धरावी. तालुक्याच्या पतसंस्थांनी वैद्यकीय कर्जाच्या यादीत या उपचारांचे नाव घालावे. पोलीस ठाण्यातल्या सायबर तक्रारी घेणाऱ्या अंमलदाराने पैसे कशासाठी हा प्रश्न न विचारता रक्कम आणि खाते विचारावे. घरच्यांनी एवढे जरी केले की पोर आपल्याशी या विषयावर बोलू शकेल, तरी फसवणुकीचा अर्धा धंदा बसेल. तोवर या वाटेवर असलेल्या प्रत्येकाने स्वतःची ओळख हवी तितकी जपावी. पण पैसे पाठवण्याआधी पावती मागावी, नोंदणी तपासावी, एका माणसाला दाखवावे, आणि फसलोच तर त्याच दिवशी तक्रार करावी. आपल्या देहासाठी पैसे जमवणे ही लाजेची गोष्ट नाही. लाज वाटायला हवी ती त्या पैशावर डोळा ठेवणाऱ्यांना, आणि ज्यांच्या गप्प बसण्यामुळे त्यांचे फावते त्या आपल्या सगळ्यांना.